विहिरीवरचा राक्षस आणि टँकरवाले

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी माझ्या मुलीला विहिरीत ढकललं. म्हणजे खेळात. या खेळात गोष्ट मी सांगतो, तिचं पात्र काय करणार ते ती ठरवते आणि फासा निकाल देतो. विहिरीच्या काठावर राक्षस बसलेला पाहून तिला मागं फिरायचं होतं. पण मी विहिरीच्या तळाची अकरा पानं लिहून ठेवली होती!

“बाबा, सगळं तुम्हीच ठरवा. मी नाही खेळत परत,” म्हणत तिनं फासा खाली ठेवला.

दारात नेहमीचे टँकरवाले दादा हे ऐकत उभे होते, फुलंब्रीकडचे. आमच्या नव्या कॉलनीत नळ पोचले होते, पाणी पोचलं नव्हतं. कोणती टाकी भरायची हे ठाऊक असूनही ते दर वेळी विचारायचे, “काका, कुठं सोडू?” आणि उत्तर येईपर्यंत पाइप धरून थांबायचे. मला वैताग यायचा.

त्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, “ताई, राक्षस लई मोठा हाय व्हय? मग तुमी काय करता?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तसं त्यांनी मला हातानंच थांबवलं.

“मी त्याला विचारते,” ती सावकाश म्हणाली, “तुला तहान लागलीय का?” आणि तिनं फासा उचलला.

माझ्या अकरा पानांत याचं उत्तर नव्हतं.

ते गेल्यावर मी बायकोला ही युक्ती समजावू लागलो. प्रश्न विचारून गप्प का बसायचं, कसं बसायचं, किती वेळ बसायचं. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “विचारणं जमेल तुम्हाला. गप्प बसायला मात्र त्यांनाच बोलवावं लागेल.”