एका बाजूने निळा रुपया

चांदीचं जुनं नाणं वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यावर रंग चढतो. आधी वाळक्या तणसासारखा पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, आणि फार काळाने निळा. हा रंग आपोआप आलेला असेल तर नाणी जमवणारे त्याला जिवापाड जपतात. कोणी मुद्दाम चढवलेला असेल तर तेच लोक नाक मुरडतात. या दोन्हींतला फरक ओळखणारा माणूस म्हणून भंडाऱ्यात माझं थोडं नाव होतं. थोडं म्हणजे, रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणाऱ्या सात-आठ जणांत. त्यातले दोघे पोस्टाची तिकिटं जमवतात, तेव्हा त्यांना धरू नये.

मी सरकारी कचेरीत बाबू आहे. तिथे फाईल कुठल्या कपाटात ठेवावी हेही मला कोणी विचारत नाही. पण रविवारी मी भिंग डोळ्याला लावलं की खोली गप्प व्हायची. ती शांतता मला फार आवडायची. कधीकधी नाण्याबद्दल काय म्हणायचं ते ठरलेलं असूनही मी भिंग उगाच आणखी थोडा वेळ धरून ठेवत असे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या छोट्या प्रदर्शनाच्या काचेच्या कपाटात माझाही एक रुपया होता, मोराच्या पिसासारखा निळा-जांभळा. खाली माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'नैसर्गिक रंग'. तो रंग मी उकडलेल्या अंड्याने आणला होता. अंड्याचा बलक कुस्करायचा, डब्यात नाण्याशेजारी ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. अंड्यातल्या गंधकाने चांदी रंगते, दोन दिवस पुरतात. लबाड लोक हे कसं करतात ते समजून घ्यावं, एवढाच माझा हेतू होता. पण रंग इतका सुंदर आला की प्रयोग तिथेच संपला आणि नाणं कपाटात गेलं. तो डबा आपण हल्ली का वापरत नाही, हे बायको अजून विचारते.

अशा एका रविवारी तुमसरकडच्या चिखल्याहून एक गृहस्थ आले. मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले. रुमालाची गाठ सोडून त्यांनी इंग्रज राजाच्या छापाचा चांदीचा एक रुपया माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, हा पाहून घ्या जी. माझ्या बाईचा होता. बाई आता नाही राहिली. तुमच्या त्या काचेत ठेवता येईन का? खाली तिचं नाव लिहून द्याल."

मला साहेब कोणी म्हणत नाही. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

रुपयाची एक बाजू गडद निळी होती, कडेला जांभळी झाक. दुसरी बाजू जवळजवळ पांढरी. पाहताक्षणी माझ्या मनात अंडं आलं. माझ्याही रुपयाची वरची उघडी बाजू अशीच निळी झाली होती आणि खालची पांढरी राहिली होती.

"कुठे ठेवला होता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "घरीच होता जी."

"घरी कुठे?"

"घरीच. सैपाकघरात."

त्यांची नजर टेबलावर गेली. माणूस काहीतरी लपवतो आहे हे मला कळलं, आणि मला ते कळलं याचा आनंदही झाला. मग मी शेवटची परीक्षा घेतली. नाणं नाकाशी नेलं. त्या दिवशी मला सर्दी होती, नाक दोन्ही बाजूंनी बंद होतं. पण नाणं हुंगलं की पाहणाऱ्यांवर छाप पडते.

"गंधकाचा वास आहे," मी म्हणालो. "हा रंग चढवलेला आहे, काका. काचेत नाही ठेवता येणार."

खोलीत ती माझ्या आवडीची शांतता झाली.

"मी कायले रंग चढवीन जी?" ते हळूच म्हणाले. मी नुसती नकारार्थी मान हलवत राहिलो. त्यांनी रुपया परत रुमालात बांधला. गाठ दोनदा सुटली. ते गेल्यावर तिकिटवाल्यांपैकी एक मला म्हणाला, "तुमची नजर म्हणजे नजर आहे." मी चहा मागवला.

हिवाळा गेला. एका सकाळी बायकोने फोडणी टाकता टाकता मला हाक मारली. "ही हिंगाची डबी उघडून द्या, झाकण घट्ट बसलं आहे."

मी झाकण काढलं. आत आमच्या मुलीच्या उष्टावणाचा चांदीचा छोटा चमचा होता. त्याचा हिंगात बुडालेला भाग गडद निळा, कडेला जांभळा. दांडा पांढरा.

"हा असा कसा झाला?"

"हिंगात चांदी अशीच होते. इतकी वर्षं नाणी हुंगत बसता, घरातला चमचा दिसला नाही?"

मी चमचा हातात धरून उभा राहिलो. तेल जळायला लागलं तेव्हा तिने माझ्या हातातून डबी काढून घेतली.

पुढच्या सुट्टीला मी तुमसरला उतरून चिखल्याची गाडी धरली. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होतो. ती इतकी चांगली जमली की मला स्वतःचीच शरम वाटली. घर शोधायला वेळ लागला नाही. काका अंगणात खाटेवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

"काका, तो रुपया हिंगाच्या डबीत होता का?"

त्यांनी सून गेली त्या दाराकडे पाहिलं. "तुमाले कोनं सांगितलं?"

"चमच्याने," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. चमचा, सर्दी, न आलेला वास. शेवटी अंडंही.

"म्हंजे काचेतला तुमचा रुपयाच रंगवलेला होता?"

"हो."

"आन् माह्या रुपयाले नाव ठेवलं?"

"हो."

ते हसले. मला बरं वाटावं असं ते हसू नव्हतं. मग म्हणाले, "तवा चार लोकायसमोर काय सांगू? पगार झाला का मी पिऊन येत होतो. घरातलं सापडंन ते इकून टाकत होतो. हिंगाच्या डबीत हात घालायची बुद्धी मले कधी झाली नाही, म्हनून तिनं रुपया तिथं ठेवला. बाई गेल्यावर सापडला. माह्यापासूनच लपवला होता जी. हे कसं सांगू?"

मी त्यांच्या नजरेत चोरी पाहिली होती. ती खरीच होती, फक्त मी समजलो ती नव्हती. स्वतः अपराधी असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर स्वतःचाच गुन्हा दिसतो, याचा मी उत्तम नमुना आहे. मलाच काचेत ठेवायला हरकत नाही.

"रुपया पाहू का एकदा?"

ते आत गेले आणि तो घेऊन आले. रुपया दोन्ही बाजूंनी लख्ख पांढरा होता.

"चिच आन् राखड लावून घासला," ते म्हणाले. "तुमी खोटा म्हनले, मले वाटलं माहीच काही चूक झाली. आता तं खरा दिसते ना?"

तिने लपवलेल्या सगळ्या वर्षांची खूण त्या निळ्या रंगात होती, आणि ती माझ्या शब्दावरून घासली गेली होती. मी म्हणालो, "माझा रुपया मी काचेतून काढतो. तिथे हा ठेवू. खाली त्यांचं नाव लिहू."

"नको जी. तिनं लपवून ठेवला, अन् आपन चौकात मांडायचा? तुमच्याकडं आनला तवा मले हे समजलं नाही."

सुनेने चहा आणला. काकांनी तिच्याकडून हिंगाची डबी मागून घेतली, पितळेची, जुनी. झाकण उघडलं आणि त्या उग्र वासाने अंगण भरलं. माझं नाक त्या दिवशी अगदी मोकळं होतं. त्यांनी रुपया हिंगाच्या खड्यांवर आडवा ठेवला.

"किती वर्षं लागतीन?"

"बरीच."

"एक सांगा. तिनं लपवाले ठेवला होता. मी आता रंग यावा म्हनूनच ठेवून राहिलो. मंग हा रंग खरा होईन का चढवलेला?"

भिंग खिशात होतं, त्याचा काही उपयोग नव्हता.

"मला सांगता येत नाही, काका."

त्यांनी डबीचं झाकण लावलं, तळव्याने दाबून घट्ट केलं.

"हे तवाच म्हनले असते तं," ते म्हणाले आणि चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली.