बिलासपूरचं गिऱ्हाईक

नरेशभाऊ रामटेके सकाळी चहाच्या आधी मोबाइल उघडत आणि आपल्या दुकानात कोण कोण येऊन गेलं ते पाहत. रायपूरच्या पंडरी बाजारातल्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या खऱ्या दुकानात ते हल्ली दिवसभर माशा मारत बसत. पण वेबसाइटवरच्या दुकानात रोज वर्दळ! आलेल्यांचा आकडा, कुठल्या गावचे, कुठली साडी पाहिली, किती वेळ थांबले, सगळं दिसायचं. हा आकडा बघितला की त्यांना चहासुद्धा जास्त गोड लागे.

आणि सगळ्यांना आवडलेली साडी एकच, हिरव्या काठाची जांभळी.

एवढी मागणी पाहून भाऊ हुरळले. चांप्याजवळच्या गावातल्या भैय्यालाल विणकराला त्यांनी फोन केला, "भैय्यालाल, सिर्फ जांभळी बुनो. पूरी दुनिया वही देख रही है." भाऊंचा शब्द म्हणजे भैय्यालालला काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांत तो एकदाही खोटा पडला नव्हता. भैय्यालालने बंद पडलेला दुसरा माग झाडूनपुसून उभा केला, दोन्ही मागांवर जांभळा ताणा चढवला आणि कारखान्यात कामाला गेलेल्या सुशीलला, आपल्या मुलाला, घरी बोलावून घेतलं.

साडी मात्र एकही जाईना. लोक येत, बघत, जात. शेवटी भाऊंनी पायलला बोलावलं. पायल त्यांची भाची, एका ऑफिसात वेबसाइटचंच काम करणारी. मराठी सगळी समजते, बोलते हिंदी.

तिने गूगलवर दुकानाचं नाव टाकलं. काही नाही. 'रायपूर कोसा साडी' टाकलं. गावातली सगळी दुकानं आली, मामांचं नाही.

"मामा, आपकी साइट तो गूगल में है ही नहीं."

"काहून नाही? लोक तं येऊन राहिले!"

पायलने सेटिंग उघडलं. साइट अर्धवट असताना कुणाला दिसू नये म्हणून, ती बनवणाऱ्या पोराने 'गूगलने हिची नोंद घेऊ नये' या चौकटीत खूण केली होती. साइट झाली, पेढे वाटले गेले, पोरगा हैदराबादला गेला, खूण तिथेच राहिली. म्हणजे दुकान थाटलं, पाटी लावली आणि शटर आतून बंद!

"तो फिर ये लोग आते कहाँ से हैं? लिंक किसको भेजी थी?"

भाऊंना आठवलं. लिंक त्यांनी पाठवली होती विहाराच्या ग्रुपवर. आपल्यात रीतच आहे, कुणी नवं काही काढलं की रविवारी वंदनेनंतर सांगायचं आणि सगळ्यांनी हातभार लावायचा. रेल्वेतून निवृत्त झालेल्या शरच्चंद्रकाकांनी तेव्हा उठून जाहीर केलं होतं, "आपल्या नरेशची साइट हाये. रोज सकाळी प्रत्येकानं एकदा उघडाची. उघडल्यानं वर येते म्हणतात." तेव्हापासून ग्रुपवर रोज हजेरी लागे: 'जय भीम, उघडली.' उघडत आणि मिटत. आणि भाऊंनी पाठवलेली लिंक होती त्या जांभळ्या साडीची.

भ्रमाचा भोपळा फुटला, पण रागवायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या दिवशीही त्यांनी दवाखान्यातून साइट उघडली होती. अशा माणसाला उघडू नका म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? भाऊंना रडू येईना, हसू येईना.

पायलने ती खूण काढली. "अब गूगल कब देखेगा, कब ऊपर लाएगा, महीनों लग सकते हैं."

"आलेल्यांतून रायपूरवाले काढून टाक. मंग कोण राहते?"

पायलने रायपूर वगळलं. वर्दळ पुसली गेली. उरलं एकच, बिलासपूर. रोज दुपारी यायचं, जांभळ्या साडीपाशी थांबायचं, खूप वेळ थांबायचं.

"हे तं आपलं नाही ना? हे खरं गिऱ्हाईक हाये!" भाऊंना धीर आला. बुडत्याला काडीचा आधार.

"हो सकता है," पायल म्हणाली. "पर मोबाइल में आसपास के गाँव भी बिलासपुर ही दिखते हैं, मामा."

भाऊंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण भैय्यालालला थांबवायला तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मन घट्ट करून, समोर कॉम्प्युटर उघडा ठेवून फोन लावला.

"जय जोहार भैया! आप ही को याद कर रहे थे. सुशील ने नौकरी छोड़ दी. बोलता है, अब नरेश भैया का काम है, क्या चिंता."

चढवलेला ताणा उतरवता येत नाही, आणि सोडलेली नोकरी परत मिळत नाही. "भैय्यालाल, वो जांभळी साड़ी..."

"हव भैया, आपने लिंक भेजी थी न, रोज देखते हैं! खाना खाके पूरा घर बैठता है. बहू बड़ा करके एक-एक धागा देखती है. फोटो में कितनी सुंदर लगती है अपनी साड़ी! रुको, अभी भी खोलता हूँ."

भाऊंच्या समोरच्या पडद्यावर 'आत्ता दुकानात' याच्यापुढे शून्याचा एक झाला. बिलासपूर.

"दिख रही है भैया. आप कुछ बोल रहे थे?"

"काही नाही," भाऊ म्हणाले. "देखो, आराम से देखो."