विलासच्या नावाची नोटीस

भूगोलाचा मास्तर असूनही मी फारसा कुठं फिरलो नाही. कल्याणच्या शाळेत भिंतीवरच्या नकाशावर काठी टेकवून पोरांना जग दाखवलं, तेवढाच माझा प्रवास. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका वैशाखात मी पिशवीत दोन सदरे भरून निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "सातबारा काढायला चाललात, काशीला नाही. छत्री कशाला?"

उन्हासाठी, म्हटलं. तिला हसू आलं, पण आसनगावला उतरल्यावर छत्रीच कामाला आली.

आसनगावाहून शहापूर, तिथून एसटीनं शेणवा. शेणव्याच्या थोडं पुढं, रस्त्याला लागूनच माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं घर. दाजी आदल्या पावसाळ्यात वारले होते. जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. तिच्यावर वारसांची नावं चढवायची, म्हणून ताईनं मला बोलावलं होतं. वारस तीन. ताई, तिची मुलगी सुनंदा आणि मुलगा विलास. अडचण एवढीच होती, की विलास कुठं आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

बैलांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणून दाजींनी त्याला चार माणसांदेखत मारलं होतं. पोरगा विशीतला. उलटून बोलला नाही, रडला नाही. पायात चपला घातल्या आणि गेला. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली होती. दाजी पुढं बैलांना स्वतःच पाणी दाखवायचे आणि त्या वेळी कोणाशी बोलायचे नाहीत.

रात्री सुनंदानं तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेला जवळा) आणि कैरीची फोड वाढली. ती आणि तिचा नवरा ताईजवळच राहून शेत कसत. डोंगराआड भातसाचं धरण, त्याचं पाणी थेट मुंबईला जातं. सुनंदा मात्र उन्हाळाभर ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायची. 'धरण उशाला, कोरड घशाला' म्हणतात ते काही खोटं नाही.

"मामा, विहीर मिळतेय सरकारातून," ती म्हणाली. "पन सातबाऱ्यावर जेवढी नावां, तेवढ्या सह्या लागतान. दादाची सही मी कुठून आणू? आयेला सांगा, त्याचा नाव नको लावू."

ताई भाकरी मोडत होती, तशीच मोडत राहिली. भांडण मी यायच्या आधीच होऊन गेलेलं दिसत होतं.

सकाळी आम्ही तिघं शहापूरच्या तहसील कचेरीत गेलो. दाजींच्या बापानंतर झालेल्या फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नक्कल हवी होती. अर्ज मी झोकदार अक्षरात लिहून नेला होता. कारकुनानं अक्षराकडे पाहिलंही नाही.

"तिकीट कुठंय?"

अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लावायचं असतं, हे भूगोलात नसतं. तिकीटवाला जेवायला गेलेला. तो ढेकर देत परत आला, तेव्हा कारकून जेवायला गेला. मी चिडून येरझाऱ्या घालत होतो. ताई वडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत होती. मला वाटलं, वेळ घालवते आहे.

नक्कल मिळाली आणि सोबत सध्याचा सातबाराही. ताईला वाचता यायचं, अक्षरावर बोट ठेवून. दाजींच्या वडिलांच्या नावाशी तिचं बोट थांबलं.

"ह्यांच्या नावाला ही कमान कशाची रे?"

"कंस आहे तो," मी म्हणालो. "माणूस गेलं, की नाव खोडत नाहीत, कंसात घालतात. आता दाजींच्या नावाला होईल."

तिनं दाजींच्या नावावरून बोट फिरवलं आणि कागद घडी करून पदराखाली धरला.

शेणव्याला तलाठी भेटले. माणूस सौम्य होता. त्यांनी तीन नावं लिहून घेतली आणि विलासपाशी पेन थांबवलं.

"मुलगा हयात आहे?"

ताईनं पदराखालचा कागद पुढं केला. मग मीच सगळं सांगितलं.

"सात वर्षांवर पत्ता नसेल, तर कोर्टातून मयत ठरवून आणता येतं," ते म्हणाले. "आईनं अर्जावर सही करायची. मग दोघींचीच नावं लागतील, पुढं त्रास नाही. नाहीतर त्याचंही नाव लागणार. घाई नाही मावशी, विचार करा. तुमचं टोकावड्याकडंही शेत आहे ना? तेवढा मुरबाडचा उतारा घेऊन या."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मलाही तेच शहाणपणाचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी मुरबाडला निघालो. एसटी किन्हवलीवरून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निष्पर्ण साग, काळी पडलेली भातखाचरं, मधेच करवंदांची जाळी. सरळगावच्या अलीकडे टायर बसलं आणि सगळे उतरून एका आंब्याखाली उभे राहिलो. एका पोरीनं पानाच्या द्रोणात करवंदं विकायला आणली. वीटभट्टीवरून परतणाऱ्या कातकऱ्यांचा एक टेम्पो गेला, वर भांडी, कोंबड्या, माणसं. ताई पुढं होऊन त्यातल्या एकेका तरण्या माणसाचं तोंड न्याहाळत होती. वडाखाली ती काय करत होती ते मला तेव्हा कळलं, आणि हातातली करवंदं खाववेनात.

मुरबाडला उतारा पटकन मिळाला. मला वाटलं, आता परत फिरू. ताई म्हणाली, "टोकावड्याला जाव."

"शेत बघायला?"

"नाय. तिथं ढाब्यावर होता तो. पयल्या वर्षी कुनीतरी बघितलेला."

हे तिनं इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दाजींना सांगितलं असतं तर ते गेले असते, आणि पोरगा आणखी लांब पळाला असता, असा तिचा हिशेब.

टोकावड्याला समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. एका बाजूला, लांब, सिद्धगडाचा माथा उन्हात पुसट दिसत होता. माळशेजकडे जाणारे ट्रक घरघरत होते. ढाब्याचा मालक पन्नाशीचा, खांद्यावर रुमाल. मी विलासचं वर्णन सांगू लागलो. उंच, सावळा, डाव्या भुवईत खोक.

"मास्तर, लई पोरां येतान नि जातान," तो म्हणाला. मग त्याची नजर ताईकडे गेली. ती त्याच्या कपबशा धुणाऱ्या पोरांकडे बघत उभी होती. त्यानं खांद्यावरच्या रुमालाला हात पुसले.

"होता, होता. खोकवाला ना? कामाला चांगला होता. ट्रकवाल्यासंगं गेला घाट चढून."

"जेवायचा का बरा?" ताईनं विचारलं.

"जेवायचा गो बाय. दोन-दोन येळा भात मागून घ्यायचा."

तो खोटं बोलत होता. त्यानं माझी नजर टाळली त्यावरून मला कळलं. मी त्याचा हात दाबला आणि आम्ही चहा घेतला. परतीच्या गाडीत ताई खूप बोलली, आमच्या लहानपणाचं, आईच्या हातच्या खाण्याचं. शेवटी म्हणाली, "भात त्याला पयल्यापासनं आवडतो."

दुसऱ्या दिवशी तलाठ्यांपुढं ती आपणहून बोलली. "मुलगा हयात हाय. बाहेरगावी हाय. नाव लावा."

सुनंदा उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेलो. ती बांधावर बसून रडत होती. "मी हितं हाय, मामा. पानी मी भरते, आयेचे पाय मी चेपते. नि तिला त्योच दिसतो." मी तिच्याशेजारी बसलो. तिची बाजू खरी होती, आणि ताईचीही.

नोंद करायची म्हणजे प्रत्येक वारसाला नोटीस लागते. पंधरा दिवसांत हरकत असली तर सांगायची. विलासचा पत्ता नाही, म्हणून त्याची नोटीस राहत्या घराच्या दाराला चिकटवायची असं ठरलं. संध्याकाळी कोतवाल (तलाठ्याचा गावातला शिपाई) आला, पण डिंक विसरून आला.

"थांब रे," ताई म्हणाली. तिनं चुलीवर मूठभर तांदूळ ठेवले आणि चांगले मऊ होईपर्यंत ढवळून त्यांची खळ (भाताची चिकट पेज) केली. कागदाच्या चारी कडांना तिनंच ती बोटांनी लावली. 'श्री. विलास' असं त्यावर लिहिलं होतं. त्याच्या नावाचं काही त्या घरी येऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि त्यात त्याला श्री. म्हटलेलं होतं.

भाताच्या वासानं शेळ्या लगेच दाराशी आल्या. ताई काठी घेऊन उंबऱ्यावर बसली. मी निघालो तेव्हाही बसलेलीच होती.

"आला तर वाचंल," ती मला म्हणाली. "बापाचा राग गेला, शेतात तुझा वाटा हाय, येवढा तर त्याला कळंल."

हरकत घ्यायला कोणी आलं नाही. तीन नावं लागली. विहीर राहिली.

त्यानंतर मी त्या वाटेनं गेलो तो काही वर्षांनी, ताईच्या दिवसांना. आसनगावाहून आता जीपगाड्या मिळत होत्या आणि कचेरीत संगणक आले होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि खाचरांत भात पोटरीला आला होता. दारावर कागदाचा एक कोपरा अजून चिकटलेला होता, पिवळा, अक्षरं गेलेला. ताईनं दाराला कधी रंग देऊ दिला नाही, असं सुनंदाचा नवरा म्हणाला.

तेरावं झाल्यावर मी आणि सुनंदा शेणव्याला गेलो. वाटेत मी काहीच सुचवलं नाही. विहीर अजून हवीच होती. तिच्या डोक्यावरचे केस हंड्याखाली विरळ झाले होते. आता तिला अडवणारंही कोणी नव्हतं.

तलाठी नवीन होती, एक तरुण मुलगी. "आईंच्या नावाला कंस होईल," ती म्हणाली. "आणि हे विलास? हयात की मयत?"

सुनंदानं समोरचा सातबारा उचलला आणि आईसारखंच अक्षरावर बोट ठेवलं. पहिलं नाव आईचं, दुसरं भावाचं, तिसरं तिचं.

"हयात," ती म्हणाली. "बाहेरगावी हाय."

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. "विहिरीचं काय गं?"

"आयेनं नाय केला, तो कंस मी माझ्या हातानं करू?" ती म्हणाली आणि झपझप पुढं चालू लागली.

घरी पोचून मी पिशवी भरली, जेवलो, तोवर माझी गाडी आली. मी खिडकीशी बसलो. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, की नकाशावर नाव असलं की ते ठिकाण जगात कुठंतरी असतंच, शोधलं की सापडतं. ताई माझ्या वर्गात कधी बसली नव्हती, पण हे तिला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. आणि कुठंतरी, घाटापलीकडं, विलास असेल किंवा नसेल. रडू आलं, आणि गाडीत ओळखीचं कोणी नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं.

कोतवाल संध्याकाळी विलासच्या नावाची नवी नोटीस घेऊन येणार होता. गाडी सुटली तेव्हा सुनंदा अंगणात सुपात तांदूळ निवडत होती, आणि शेळ्या तिनं आधीच बांधून ठेवल्या होत्या.