डॉक्टरकाकांचं रीळ

डॉक्टरकाकांनी एखादी वस्तू दुकानाच्या पहिल्याच फेरीत विकत घेतली, असं मी कधी पाहिलं नाही. साधा मिक्सर घ्यायला त्यांनी दीड महिना लावला होता. दुकानात जायचं, वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, वहीत काहीतरी टिपायचं आणि विक्रेत्याचे आभार मानून घरी यायचं. काकू म्हणायच्या, "मला मात्र पंधरा मिनिटांत पसंत केलं. आयुष्यात तेवढीच काय ती घाई." त्यावर काका शांतपणे सांगायचे, "अगं, भूल देणाऱ्याने घाई केली तर पेशंट परत उठत नाही."

ते भूलतज्ज्ञ होते. मूळचे कऱ्हाडचे. तीस वर्षं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत काम करून निवृत्त झाले आणि तिथेच बॉथेल या गावात घर घेऊन राहिले. त्यांच्या घरामागच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही राहायचो. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. इंजिनियर असूनही मला नोकरीची परवानगी नव्हती. नितीन सकाळी बसने ऑफिसला गेला की घर, खिडकी आणि मी. खाली गाडी उभी असायची, पण ती मला चालवता येत नव्हती. हे कळल्यावर काकांनी मला ड्रायव्हिंग शिकवायचं ठरवलं. शेजारी बसून ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, "घाबर, पण स्टिअरिंगला कळू देऊ नकोस." तीन महिन्यांत मला लायसन्स मिळालं, आणि तेव्हापासून त्यांच्या खरेदीच्या फेऱ्यांची ड्रायव्हर मीच झाले.

२००४ च्या उन्हाळ्यात काकांनी सॅमन मासा धरायचा निश्चय केला. लहानपणी कृष्णेच्या काठी बांबूच्या काठीला तंगुसाची बारीक दोरी बांधून त्यांनी मासे धरले होते. इथे आल्यावर नोकरीच्या धबडग्यात ते राहूनच गेलं. आमच्यापासून अर्ध्या तासावर स्कायकोमिश नदी आहे. शरद ऋतूत समुद्रातून सॅमन तिच्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्याआधी गळाचा योग्य रॉड आणि दोरी गुंडाळायचं योग्य रीळ शोधायचं होतं, म्हणजे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या.

हायवेच्या कडेला मासेमारीच्या सामानाचं जुनं दुकान होतं. मालकाचं नाव रॉन. वय काकांएवढंच, बोलणं कमी. त्याने पहिल्याच दिवशी दोन प्रकारची रिळं काउंटरवर ठेवली. एक सोपं होतं. दांडीखाली लटकणारं, कोणालाही जमेल असं. दुसरं दांडीच्या वर बसणारं, गोल, जड, पितळी दातांचं. त्याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात. गळ फेकला की त्याची चकरी गरागरा फिरते आणि दोरी सुटते. ती चकरी अंगठ्याने हलकेच दाबून आवरावी लागते. दाब कमी पडला तर चकरी दोरीच्या पुढे धावते आणि रिळावरच चिमणीच्या घरट्यासारखा गुंता होतो. जोराचा प्रवाह आणि दहा-बारा पौंडांचा मासा असेल तर हेच रीळ घ्यावं, असं रॉनचं मत पडलं. काकांना ते लगेच पटलं. म्हणाले, "यात माणसाला काम आहे. पहिल्या रिळात माणूस नुसता उभा."

रॉडवर दोन आठवडे गेले. आठ फूट की नऊ, टोक किती लवचीक, मूठ किती लांब. काका प्रत्येक रॉडचं टोक छताला टेकवून तो कुठून वाकतो ते पाहत. अखेर नऊ फुटी रॉड आणि गोल रीळ घेऊन आम्ही घरी आलो. काकूंनी मासे गॅरेजमधल्या शेगडीवरच शिजतील, असं जाहीर केलं.

सराव पार्कमधल्या हिरवळीवर. दोरीला शिशाचं वजन बांधून काका फेकायचे आणि दरवेळी गुंता व्हायचा. पहिले काही दिवस ते हसले. मग बाकावर बसून एकेक फास सोडवताना त्यांचा चेहरा आक्रसू लागला. चकरीचा ब्रेक घट्ट केला, वजन बदललं, जाड दोरी लावली. गुंता होतच राहिला. "रिळात दोष आहे," ते म्हणाले. रॉनने ते निमूटपणे परत घेतलं आणि दुसरं दिलं. दुसऱ्याचंही तेच झालं. याच दिवसांत त्यांच्या हातून किल्ल्या पडायच्या, शर्टाचं वरचं बटण उघडंच राहायचं. माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं. मी ते वयावर ढकललं.

सप्टेंबरात आम्ही दुसरं रीळ परत करायला गेलो. रॉनने ते फिरवून पाहिलं, दुकानामागच्या अंगणात जाऊन एकदा फेकून पाहिलं. वजन सरळ जाऊन कुंपणाशी पडलं. तो परत आला आणि जरा अडखळत म्हणाला, की डॉक्टरांनी ते पहिलं, सोपं रीळ घ्यावं. काकांनी दोन्ही हात काउंटरच्या काचेवर उताणे ठेवले आणि मला मराठीत म्हणाले, "बघ."

उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा नव्हता. तिथे खळगा पडला होता.

"हा स्नायू गेलाय. दुखत नाही, सुन्न नाही, नुसता गेलाय. डावाही सुरू झालाय. हे हातावर थांबणारं दुखणं नाही."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिलं रीळ परत केलं, त्याच्या आधीपासून."

"मग दुसरं कशाला घेतलंत?"

त्यांनी हात काचेवरून उचलून घेतले. "वाटलं, कदाचित रीळच खराब निघेल."

मग त्यांनी रॉनला सांगितलं, की रीळ हेच हवं, फक्त या मुलीच्या हाताला बसणारं, आणि रॉड अर्ध्या फुटाने आखूड. मला मासेमारीत काडीचाही रस नव्हता. तरी रॉनने पुढे केलेलं रीळ मी हातात घेऊन पाहिलं. परतताना त्यांनी एवढंच सांगितलं, की काकूंना ते स्वतःच सांगतील, थोडे दिवस जाऊ देत. पुढचे अठरा दिवस मी त्या घरात चहा प्यायला जात होते, काकूंशी भाजीच्या गप्पा मारत होते आणि घरी येऊन नळ सोडून रडत होते. नितीन म्हणायचा, आपण काय करू शकतो? त्याचं खरं होतं, म्हणूनच राग यायचा.

तपासण्या झाल्या. काकांचं निदान बरोबर निघालं: एकेक करून अंगातले सगळे स्नायू निकामी करणारा आजार. औषध नव्हतं.

ऑक्टोबरात एका सकाळी आम्ही नदीवर गेलो. मासेमारीचं लायसन्स माझ्या नावाचं. काका घडीच्या खुर्चीत बसून सूचना देत होते, मी काठच्या दगडगोट्यांवर उभी राहून गळ फेकत होते. तासाभराने दोरीला असा हिसका बसला की मी पुढे झुकले. मासा पाण्याबाहेर उसळला, चंदेरी, माझ्या हाताएवढा लांब, आणि प्रवाहासोबत खाली पळत सुटला. चकरी ओरडू लागली. "अंगठा!" काका म्हणाले. मी गडबडले. ते उठून आले आणि त्यांनी स्वतःचा अंगठा चकरीवर ठेवला. त्यात जोर नव्हता. चकरी त्याच्याखालून फिरत राहिली. मी घाबरून वरून दाबलं, फारच जोरात, आणि दोरी तुटली.

मी तुटलेली दोरी गुंडाळू लागले. "तुझी चूक नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माझीही नाही." हे त्यांना स्वतःला पटवायला किती दिवस लागले असतील, कोण जाणे.

पुढच्या वसंतात ते दोघं मुलाकडे टेक्सासला गेले. एकट्या काकूंना त्यांना उचलणं जमेना. नंतर काकांची वाचा गेली. दर रविवारी मी फोन करायचे. काकू रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायच्या आणि मी एकटीच बोलायचे: पाऊस, नितीनची नोकरी, मला शेवटी मिळालेली परवानगी, रॉनने विकलेलं दुकान. पलीकडे फक्त मशीनचा श्वास. कधी थांबले की लांबून काकूंचा आवाज यायचा, "बोल गं, डोळ्यांनी सांगतायत, बोल म्हणून."

एका रविवारी माझ्याकडचं सगळं संपलं. हाताशी मासेमारीच्या नियमांची सरकारी पुस्तिका होती, ती उघडली आणि वाचायला लागले. कोणती नदी कोणत्या तारखेपासून खुली, किती इंचांचा मासा ठेवता येतो, कोणता सोडून द्यायचा. स्कायकोमिशचं पान वाचून थांबले. काकू म्हणाल्या, "पुढची नदी वाच." मी वाचली. त्याच्या पुढचीही वाचली. चाळीस मिनिटं वाचत होते.

त्याच्या पुढच्या रविवारी फोन त्यांच्या मुलाने उचलला. पलीकडे मशीनचा श्वास नव्हता.