करंगळी, चंद्री आणि सासूबाईंचं लुगडं

मी बेस गिटार शिकायला घेतली ती संगीतासाठी नव्हे, साडूसाठी.

साडू म्हणजे विकासराव. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला इंदापूर, नोकरी लोणी देवकरच्या कारखान्यात, उंच, केस शाबूत, आणि (हे सगळं कमी म्हणून की काय!) गिटार वाजवतो. गेल्या धोंड्याला, म्हणजे अधिक महिन्यात, आम्हा दोघा जावयांना पणदऱ्याला सासुरवाडीत जेवायला बोलावलं होतं. पानं मांडेपर्यंत विकासरावांनी गिटार काढली, दोन गाणी वाजवली आणि जेवताना सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत त्यांच्या पानात तुपाची वाटी उपडी केली. माझ्या पानात चमच्याने वाढलं होतं. थोरला जावई मी! आणि चमचा मला!

धोंडा तीन वर्षांनी येतो. तयारीला भरपूर वेळ होता, म्हणून मी शेवटचे दोन महिने उरल्यावर सुरुवात केली. बेस गिटार घेतली, कारण तिला तारा चार आणि विकासरावांच्या गिटारीला सहा. कमी कष्टात मोठा आवाज, असा माझा हिशेब होता. तारा मोटारीच्या केबलएवढ्या जाड असतात, हे घरी आणल्यावर कळलं.

बारामतीत क्लास लावला. सर माझ्या पुतण्याच्या वयाचे.

"काका, तार दाबली की घुं आलं पाहिजे. तुमची भुर्रर्र करते."

"मग काय करू?"

"डाव्या हाताच्या बोटांत ताकद आणा. पट्टीवरच्या एका घरात एक बोट, सावकाश. तुमची करंगळी फारच मरतुकडी आहे. रोज थोडं थोडं करा, वर्षभरात येईल."

वर्षभरात! मला आठ आठवडे पुरवून वापरायचे होते. मी दुकानात (माझं ठिबकचं दुकान आहे) गिऱ्हाईकाशी बोलताना रबरी चेंडू दाबायला लागलो. गिऱ्हाईकं मागे सरकून बोलू लागली. घरी डाव्या हाताने कणीक मळू लागलो. त्यावर बायकोने, म्हणजे सुरेखाने, कौतुकाने धुणंही पुढे सरकवलं. करंगळी होती तिथेच.

धोंड्याच्या जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही गिटारीसह पणदऱ्याला पोहोचलो. सासूबाईंनी (मी त्यांना मामी म्हणतो) ते धूड हातात घेतलं, सहज एक तार दाबली आणि छेडली.

घुंऽऽऽ!

"चांगलं वाजतंय की, जावईबापू!"

माझा जीव जळला. आता सासूचाही हेवा करायची पाळी! सुरेखा हसून म्हणाली, "आवो, आईनं जन्मभर म्हशींच्या धारा काढल्यात. बोटं बघा तिची!"

धारा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मामींना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामी, मी धार काढली तर?"

"आमच्या चंद्री म्हशीची? न्हाय वो. ती माझ्या लुगड्यालाच वळखती. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरती. मागं मी आजारी पडले तवा तुमच्या मामांना माझं लुगडं नेसून बसाया लागलं!"

बस्स! परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून मी दहावी काढली होती, करंगळी का निघणार नाही?

दुसऱ्या दिवशी उजाडताना मामी देवपूजेत होत्या. मी दोरीवरचं हिरवं लुगडं पँटवरूनच गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, चंद्रीपुढे आंबोण ठेवलं, रेडकू पाजून बाजूला बांधलं आणि बादली घेऊन बसलो. चंद्रीने मान वळवून लुगड्याचा वास घेतला आणि चक्क पान्हा सोडला!

खरं तर मुठीने पिळायचं असतं. पण मी सरांचा धडा सुरू केला. पहिलं बोट, दुसरं बोट, तिसरं, करंगळी. पहिलं, दुसरं, तिसरं, करंगळी! चंद्री अस्वस्थ झाली, पण लुगड्याचा मान राखून उभी राहिली. बादली निम्मी भरली. मला करंगळीत ताकद उतरताना दिसू लागली.

एवढ्यात मागे मोटारसायकल थांबली. विकासराव! रात्रपाळी करून लोणी देवकरहून थेट आलेले. मी पदर आणखी पुढे ओढला.

"मामी, पाया पडतो." आणि ते खरंच माझ्या पायांशी वाकले!

तो क्षण मी जन्मभर विसरणार नाही. बारीक आवाज काढून मी म्हणालो, "औक्षवंत व्हा!" उठायचं सोडून ते हात जोडून तिथंच टेकले.

"मामी, एक सांगू का? साडूभाऊंनी गिटार घेतलीय म्हणं. मन लावून शिकायलेत. बोटांत जीव न्हाय अजून, पण शिकतील. आज मी वाजवत न्हाय, त्यांनाच वाजवू द्या. थोरल्याचा मान हाय."

म्हणजे मोठेपणातही हाच पुढे! हा मला सुखाने जळूही देत नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, डाव्या हाताची मूठ आपोआप आवळली, आणि दोन महिने वाट पाहिलेली ताकद त्याच क्षणी बोटांत आली. करंगळीसकट!

दुर्दैवाने मुठीत चंद्रीचं सड होतं.

पहिली लाथ बादलीला बसली, दुसरी माझ्या डाव्या हाताला. चंद्रीने दावं तोडून अंगणाकडे धाव घेतली. पदर तिच्या शिंगात अडकलेला. ती पळतेय, लुगडं सुटतंय, आणि मी भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरतोय! थांबलो तेव्हा पँट-बनियनवर होतो आणि समोर विकासराव हात जोडलेल्या अवस्थेतच उभे.

"साडूभाऊ... तुमी?"

आतून मामी धावत आल्या. "अगं बया! बासुंदीचं दूध गेलं!"

"दूध जाऊ दे, आई," खिडकीतून सगळं ऐकलेली सुरेखा मागून म्हणाली. "ह्यांनी आशीर्वाद दिलाय तो काय परत घ्यायचा?"

दुपारी करंगळी वांग्याएवढी सुजली होती. मान माझा, पण वाजवलं विकासरावांनीच. मला उजव्या हाताने टाळ्या वाजवाव्या लागल्या, म्हणजे मांडीवर. नंतर आहेर झाला. दोघांना अगदी सारखा पोशाख. मी कापड चिमटीत धरून खात्री करून घेतली. माझं तोंड उतरलं. तेवढ्यात मामींनी धुऊन वाळवलेलं हिरवं लुगडं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"हे बी तुमीच न्या, जावईबापू. चंद्री आता ह्या लुगड्याला बुजती. मला काय उपेगाचं न्हाय."

सगळं घर हसून लोळलं. सुरेखाने लाजेने तोंड झाकलं. मी मात्र बारामती येईपर्यंत शीळ घालत होतो. शेवटी विकासरावांना आहेर एक मिळाला, आणि मला दोन!