नर्मदेत सोडलेली वही

तुमच्या पणजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, स्वयंपाकाची वही मी माझ्या हातांनी नर्मदेत सोडली होती. हे तुम्हा दोघांना ऐकून माहीत आहे. का सोडली, ते मी कधी नीट सांगितलं नव्हतं.

सासूबाई प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्री' लिहायच्या, मग ते पान गोळाभाताचं असो की लिंबाच्या लोणच्याचं. वही जुनी झाली, पानं हातात येऊ लागली. देवाचं नाव असलेला कागद रद्दीत द्यायचा नाही, ही आपल्या घरची रीत. म्हणून मी आधी सगळी वही कॉम्प्युटरवर टाइप केली, दोनदा ताडून पाहिली, आणि मग ग्वारीघाटावर जाऊन ती फुलांबरोबर पाण्यात सोडली. जन्मभर शाळेत इंग्रजीच्या वह्या तपासलेल्या बाईला वाटलं, आपण काम चोख केलं.

ते सगळं टाइपिंग विजय नगरातल्या एका दुकानदाराने घालून दिलेल्या मराठी फॉन्टमध्ये होतं. पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला आणि फॉन्टही त्याच्याबरोबर गेला. फाईल मात्र मी पेनड्राइव्हवर जपली होती, वर नावाची चिठ्ठी चिकटवून.

मागच्या हिवाळ्यात तुमच्यातल्या थोरलीने परदेशातून फोनवर गोळाभाताची कृती मागितली. "पणजीआजीचीच पाहिजे. व्हिडिओवाली नको." मी ऐटीत फाईल पाठवली. दहा मिनिटांत तिचा फोन आला.

"आजी, ये क्या भेजा है? यात तर नुसते एबीसीडी आणि डॉलर आहेत."

मी इथे नव्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. तेच. कंस, डॉलर, वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

तुमचे आजोबा फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्याच कामांवर देखरेख करतात. खुर्चीतून न उठता म्हणाले, "काहून घाबरून राहिली? नर्मदामैयाला विचार. मूळ प्रत तिच्याकडे आहे."

मी फाईल बंद केली, पुन्हा उघडली. वही माझ्या हातात देताना सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "तू सांभाळशील." त्यांचे शब्द आता त्या एका फाईलमध्येच होते.

फाईल बिघडलेली नाही, असं थोरली म्हणाली. तिने मला समजावलं ते असं. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या जुन्या फॉन्टने आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवले होते, पडद्यावर चित्र तेवढं मराठीचं काढलं होतं. चित्र काढणारा गेला आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणतं मराठी अक्षर दिसत होतं याची यादी मिळाली, तर प्रोग्राम लिहून ती सगळं खऱ्या मराठीत आणू शकत होती.

"पण यादी कुठून आणायची, आजी? नेटवर हा फॉन्टच नाहीये."

यादी माझ्या साड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. टायपिंग शिकताना मी तक्ता केला होता, डावीकडे की-बोर्डवरची खूण, उजवीकडे अक्षर, जोडाक्षरं लाल शाईत. तो काढायला आजोबांनी किती वेळा सांगितलं असेल. मी काढला नाही, कारण कागदाबरोबर दाराचा रंगही निघाला असता.

पुढचा आठवडाभर, आपल्याकडच्या संध्याकाळी आणि तिच्या सकाळी, मी कपाटासमोर स्टूल टाकून बसले.

"छोटा एम?"

"म. थांब, अर्धा म. त्याचा दांडा वेगळा द्यावा लागायचा."

"अच्छा. आणि डॉलर?"

"चष्मा आणते."

रविवारी तिने प्रोग्राम चालवला आणि नवी फाईल पाठवली. मी उघडली. सगळीकडे प्रश्नचिन्हं. आता डॉलरसुद्धा नव्हते. मला वाटलं, होतं नव्हतं तेही गेलं.

थोरली मात्र पडद्यावर हसत होती. "घाबरू नको. तू पाठवलेल्या फाईलला मी हातच नाही लावला. प्रोग्रामच्या आत मराठी बरोबर झालंय, बाहेर लिहिताना माझी गलती झाली. फाईलमध्ये लिहायचं तर अक्षराचे बाइट करावे लागतात. बाइट म्हणजे समज डब्यातला एक खण. इंग्रजी अक्षर एका खणात मावतं, आपल्या अक्षराला तीन लागतात. मी एकेक खणवाला डबा दिला. जे मावलं नाही, तिथे त्याने प्रश्नचिन्ह ठेवून दिलं."

"मग त्याने विचारायचं नाही का आधी?"

"विचारत होता. मीच सांगून ठेवलं होतं, अडलं तरी थांबू नको."

"घराण्यातच आहे," आजोबा म्हणाले.

तिने एकच शब्द बदलला. आधीच्या पद्धतीच्या जागी यूटीएफ-एट लिहिलं, ते त्या तीन खणांच्या पद्धतीचं नाव. मी चहा गाळेपर्यंत फाईल आली. माथ्यावर 'श्री' होतं. खाली गोळाभात, चण्याच्या डाळीचा जाडसर भरडा, तेलाचं मोहन, आणि शेवटी सासूबाईंची ताकीद: 'गोळे घातल्यावर झाकण काढून पाहू नये. पाहणाऱ्याचे गोळे फुटतात.'

मी मोठ्याने वाचलं. आजोबा खुर्चीतून उठून लॅपटॉपजवळ आले. म्हणाले, "आईचं लोणच्याचं पान वाच."

आता वहीच्या चार प्रती आहेत. तुम्हा दोघांकडे एकेक, एक पेनड्राइव्हवर आणि एक छापून कपाटात. छापलेल्या प्रत्येक पानावर 'श्री' आलं आहे, तेव्हा ही पानं फाटली की तीही पाण्यातच जातील. तक्ता दारावर तसाच आहे.

त्या आठवड्यात थोरलीने गोळाभात केला आणि फोटो पाठवला. अर्धे गोळे भातात विरघळले होते.

"झाकण काढलंस ना?"

"एकदाच, आजी."

"खरं सांग."

"दो बार."