शून्य वाचून घेणाऱ्या बाई

चष्मा कपाळावर सरकवायचा, बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "पुन्यांदा बघा, सर." बाईंची ही सवय पहिल्या तासाभरातच माझ्या डोक्यात गेली.

बजाजनगरातल्या एका मतदान केंद्राचा मी केंद्राध्यक्ष, त्या माझ्या हाताखालच्या मतदान अधिकारी. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्या अजिंठ्याकडच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळायच्या. 'विकसनशील देशांतील लोकशाहीपुढील आव्हाने' हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवतोय. त्यातलं एक आव्हान आपणच असू, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

प्रशिक्षणात मी मागच्या बाकावर डुलक्या काढल्या. बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. साहित्य ताब्यात घेताना त्यांनी पिशवी तीनदा रिकामी केली, तेव्हा मी म्हणालो, हा काय पहिलीचा वर्ग आहे का?

"नाय ना, सर. तिथं चुकलं तर मी फळा पुसते. इथं काय पुसायचं?"

तुम्हाला ठाऊक असेल, खऱ्या मतदानाआधी पक्षांच्या एजंटांसमोर चाचणीची पन्नास मतं टाकतात, जुळवून दाखवतात आणि मग ती पुसून मशीन कोरं करतात. आमच्याकडं दोन एजंट होते आणि दोघं एकमेकांकडं बघतही नव्हते. सातला थोडाच वेळ उरलेला, रांग फाटकाबाहेर गेलेली. मशीनमधून पडलेल्या मतांच्या चिठ्ठ्या मोजून झाल्या, एजंट चहाला बाहेर पडले आणि मी झोकात सील लावायला घेतलं.

टकटक. "पुन्यांदा बघा, सर. मतं पुसली का?"

मी बटण दाबलं. एकूण मतं पन्नास.

ती आत राहिली असती, तर संध्याकाळी रजिस्टर एक सांगणार आणि मशीन दुसरंच. माझी नोकरी गेली असती ते सोडा. मशीनमध्ये आधीच मतं भरलेली होती, ही बातमी वस्तीभर व्हायला कितीसा वेळ लागतो? आणि गंमत म्हणजे बातमी खरी असती. मी हळूच सुचवलं, एजंट बाहेर आहेत तोवर गुपचूप पुसून टाकू.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "चूक आपली हाय, तर सांगायचीबी आपणच. त्यांच्या माघारी पुसलं, तर त्यांनी इस्वास कशावर ठेवायचा?"

एजंटांना बोलावलं. मी कबूल केलं. एकानं विचारलं, "सर, तुम्ही राज्यशास्त्राचेच ना?" आणि ते दोघं सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांकडं बघून हसले. बाईंनी त्यांना मशीनवर वाकायला लावलं. मी मतं पुसली आणि बाईंनी दोघांकडून प्रत्येक उमेदवारापुढचं शून्य मोठ्यानं वाचून घेतलं, पहिलीच्या लेकरांसारखं. सह्या झाल्या. सातला पहिला मतदार आत आला. संध्याकाळी रजिस्टर आणि मशीन जुळलं, तेव्हा कुठं माझ्या घशाखाली चहा उतरला.

काही महिन्यांनी उस्मानपुऱ्यात त्यातला एक एजंट भेटला, हरलेल्या बाजूचा. निकालाच्या दिवशी त्याचे कार्यकर्ते मशीनच्या नावानं बोंबलत रस्ता अडवायला निघाले होते म्हणे. "मी थांबवलं त्यांना. म्हणलं, आपल्या केंद्रावर मी सोताच्या तोंडानं शून्य वाचलंय. हरलो तर हरलो." मग त्यानं विचारलं, "त्या मॅडम कुठं असतात?"

निवृत्त होऊन गावी गेल्या, मी सांगितलं.

"मग पुढच्या खेपेला?"

"मी आहे की."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि मॅडमचा फोन नंबर मागितला.